चेंडू बाळूच्या हाती, कप्तानी कोणाच्या?

कोलशेतच्या मोकळ्या जागांवर मुले क्रिकेट खेळतात तेव्हा एक अलिखित कायदा चालतो. बॅट ज्याची, पहिली बॅटिंग त्याची. ज्याच्याकडे बॅट नाही त्याने चेंडू टाकायचा, तो गटारात गेला तर काढून आणायचा, आणि अंधार पडण्यापूर्वी आपला नंबर लागेल अशी आशा करीत राहायचे. हा कायदा कोणी केला हे मुलांना ठाऊक नसते, पण तो मोडण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही. कारखान्यांच्या जागी टॉवर उभे राहिले तशा या मोकळ्या जागाही कमी झाल्या. आता प्रत्यक्ष खेळापेक्षा खेळावरचा वादच अधिक रंगतो.

गेल्या उन्हाळ्यात अशाच एका वादात मी सापडलो. माझे काही विद्यार्थी मुंबईचा आजवरचा सर्वोत्तम संघ निवडीत होते. गावसकर, मर्चंट, तेंडुलकर यांवर कोणाचे दुमत नव्हते. क्षेत्ररक्षणासाठी सोलकर हवाच, असे एकाने ठासून सांगितले. खरी खडाजंगी झाली ती डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाच्या जागेवरून. एकही कसोटी न खेळता ५८९ प्रथम दर्जाचे बळी घेणाऱ्या पद्माकर शिवलकरांचे नाव पुढे आले. मी विचारले, "आणि बाळू?" मुले माझ्याकडे पाहू लागली. "कोण बाळू, सर?"

त्या मुलांचा दोष नाही. ज्या पुस्तकांतून आणि ज्या दूरदर्शन संचांवरून त्यांना क्रिकेटचा इतिहास कळतो, तेथे बाळूला जागाच नाही. रणजींच्या नावाने स्पर्धा आहे, दुलीपसिंहांच्या नावाने आहे, प्रा. देवधरांच्या नावाने १९७३ साली सुरू झालेली स्पर्धा आहे. बाळू बाबाजी पालवणकर यांच्या नावाने राष्ट्रीय पातळीवरची एकही स्पर्धा नाही. आणि हे नाव घ्यायचे तर ते 'बाळू' असेच घ्यावे लागते. मुकुंदरावांना राव आहे, देवधरांना प्राध्यापक आहे. भारताच्या पहिल्या थोर गोलंदाजाला मात्र इतिहासाने घरातल्या धाकट्या पोरासारखी हाक मारली आहे. मी ती येथे बदलत नाही, कारण ज्या नावाने तो मैदानात उतरला ते नावच पुरेसे मोठे आहे.

बाळूचा जन्म १८७६ सालचा, धारवाडचा. जात चांभार, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील पालवण, वडील लष्कराच्या आश्रयाने राहणारे. पुण्यात वाढलेल्या या मुलाला पहिली नोकरी मिळाली ती पारशांच्या एका क्रिकेट क्लबात. खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा आणि सभासदांची मर्जी असेल तेव्हा त्यांना चेंडू टाकायचे. पगार महिना तीन रुपये. पुढे तो गोऱ्यांच्या पूना क्लबात गेला, तेथे पगार चार रुपये झाला. तेथे कॅप्टन ग्रेग नावाचा नाणावलेला फलंदाज सरावासाठी त्याच्याकडून तासन्‌तास चेंडू टाकून घेई आणि बाद झाला की दर वेळी आठ आणे देई, असे सांगितले जाते. ही गोष्ट आपल्याकडे नेहमी कौतुकाने सांगतात. मला तिच्यातील दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. एवढे हजारो चेंडू टाकणाऱ्या बाळूला त्या क्लबात बॅट धरू देत नसत. फलंदाजी हा साहेबाचा मान, गोलंदाजी ही नोकराची मजुरी. कोलशेतच्या पोरांचा कायदा किती जुना आहे तो पहा.

आणि तो कायदा केवळ आपल्याच देशाचा नव्हता. इंग्लंडातही हौशी 'जंटलमन' आणि पैसे घेऊन खेळणारा 'प्लेअर' असे दोन वर्ण होते. मैदानात उतरण्याची त्यांची दारे वेगळी असत, धावफलकावर नावे लिहिण्याची रीतही वेगळी असे. उन्हात राबून गोलंदाजी करायची ती बहुधा प्लेअरने. इंग्लंडच्या कसोटी संघाचे कर्णधारपद एका व्यावसायिकाला, लेन हटनला, मिळण्यास १९५२ साल उजाडावे लागले, आणि हा भेद कागदोपत्री रद्द झाला तो १९६२ अखेर. पण हटन व्यावसायिक असला तरी त्याच्या हातचा चहा कोणाला बाटवीत नव्हता. तेथील दार वर्गाचे होते. आपल्याकडील दाराला वर्ग आणि वर्ण अशी दोन कुलुपे होती.

पुण्याच्या हिंदूंना गोऱ्यांविरुद्ध जिंकायचे होते आणि त्यांना बाळूची गरज होती. येथेच संघनिवडीचा पहिला मोठा वाद झाला. अस्पृश्याला संघात घ्यावे की घेऊ नये? काही सभासद घ्या म्हणत होते, पुण्याचे ब्राह्मण खेळाडू नको म्हणत होते. अखेर जिंकण्याच्या गरजेने धर्मशास्त्रावर मात केली. पण ती किती मात होती? मैदानात चेंडू बाळूच्या हातून ब्राह्मणाच्या हाती आणि ब्राह्मणाच्या हातून बाळूच्या हाती जात होता. तो चामड्याचाच चेंडू विटाळत नव्हता. चहाची वेळ झाली की बाळूला तंबूबाहेर मातीच्या फुटक्या मोलाच्या भांड्यात चहा मिळे. जेवण वेगळे, आणि तोंड धुवायला पाणी द्यायला माणूसही अस्पृश्यच. खेळ चालू असेपर्यंत शुद्ध आणि खेळ थांबताच अशुद्ध, अशी ही स्पर्शाची गणिती व्यवस्था होती. साताऱ्याच्या गोऱ्यांनी बाळूची फिरकी निष्प्रभ व्हावी म्हणून आठवडाभर खेळपट्टीवर रोलर फिरवला, तरी बाळूने सात बळी घेतले. अशा विजयांनंतर रानडे, टिळक यांच्यासारख्यांनी जाहीर सभांतून त्याचा गौरव केला. खेळायला चालतो तर जेवायला का चालू नये, हा प्रश्न रानड्यांनी विचारला याची नोंद घेतली पाहिजे. उत्तर मात्र मैदानाबाहेर कोणी दिले नाही.

प्लेगच्या सुमारास बाळू मुंबईस आला. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात पुन्हा तोच वाद झाला आणि पुन्हा जिंकण्याच्या गरजेने तो मिटवला. मुंबईत मात्र काही बदलले होते. येथे गिरण्या होत्या, रेल्वे होती, आणि ज्या रेल्वेत बाळू नोकरी करीत होता तिचा स्वतःचा क्रिकेट संघ होता. धाकटा भाऊ शिवराम उत्तम फलंदाज निघाला. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांना हरवले: हिंदू २४२ आणि १६०, युरोपियन १९१ आणि १०२, विजय १०९ धावांनी. हा आकडा मी विद्यार्थ्यांना फळ्यावर लिहून दाखवतो. वंगभंगाच्या काळात गोऱ्या सत्ताधाऱ्यांचा मैदानावर असा पराभव व्हावा याचे राजकीय मोल मोठे होते, आणि त्या विजयात दोन चांभार भाऊ होते. 'इंडियन सोशल रिफॉर्मर'ने या विजयाचा अर्थ नेमका ओळखला. जातिभेद बाजूस ठेवला म्हणून हा संघ जिंकला, असा त्याच्या लिखाणाचा आशय होता.

विजयी संघ कसा बांधला जातो, या प्रश्नावर मुले तास न्‌ तास वाद घालतात. सलामीची जोडी, मधली फळी, दोन फिरकी गोलंदाज की तीन. १९०६ चे उत्तर फार साधे आहे. वगळण्याचा जुना नियम एका जागी मोडला आणि संघ जिंकला. पण नियम एका जागी मोडला म्हणजे सर्वत्र मोडला असे होत नाही. आपल्या समाजाचा सगळा इतिहास या फरकात आहे.

१९११ साली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. त्याची निवड पाहण्यासारखी आहे. सहा पारशी, पाच हिंदू, तीन मुसलमान आणि कर्णधार पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग. आज ज्यांना राखीव जागांचे नाव काढताच गुणवत्तेची आठवण होते, त्यांनी हे प्रमाण पुन्हा वाचावे. भारताचा पहिला राष्ट्रीय संघच जमातवार वाटणीने निवडला गेला होता आणि त्याचे कर्णधारपद एकोणीस वर्षांच्या तरुणाला केवळ गादीमुळे मिळाले होते. महाराज सुरुवातीचे थोडे सामने खेळले आणि राज्यारोहणाच्या समारंभात व भेटीगाठींत रमले. संघाने प्रथम दर्जाचे १४ सामने खेळले, त्यांतले १० हरला, केवळ २ जिंकला. या पडझडीत पस्तिशीतील, दुखऱ्या खांद्याच्या बाळूने सर्व सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. संघाचा सारा भार ज्याच्या खांद्यावर होता त्याला संघाचे नायकत्व द्यावे हे कोणाच्या मनातही आले नसेल. राजेरजवाड्यांचा हा सिलसिला पुढेही चालला. १९३२ च्या पहिल्या कसोटी दौऱ्याचे कर्णधार पोरबंदरचे महाराज होते. त्यांना एवढी तरी जाण होती की प्रत्यक्ष कसोटीच्या दिवशी त्यांनी सूत्रे सी. के. नायडूंकडे दिली. १९३६ ला विजयनगरमच्या महाराजकुमारांनी तीही दाखवली नाही. लाला अमरनाथांना त्या दौऱ्यातून परत धाडण्यात आले. या निवडींना कोणी 'कोटा' म्हटले नाही. वरून येणाऱ्या आरक्षणाला या देशात परंपरा म्हणतात.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. हिंदू संघाचा सर्वांत अनुभवी खेळाडू बाळू होता, आणि १९१० च्या सुमारापासून त्याला कर्णधार करावे अशी मागणी त्याचे चाहते सतत करीत होते. दर वर्षी ती डावलली गेली. १९१३ साली मुकुंदराव पै कर्णधार झाले, तेव्हा सत्काराला उत्तर देताना त्यांनी स्वतः सांगितले की हा मान ज्येष्ठ आणि अनुभवी म्हणून बाळूला मिळायला हवा होता. पै सारस्वत होते. त्यांच्या या प्रामाणिकपणाबद्दल त्यांना श्रेय द्यावेच लागेल. पण मान त्यांनी सांगितला म्हणून बाळूला मिळाला नाही. बळी घेणे हे हातांचे काम, क्षेत्ररक्षण लावणे हे डोक्याचे काम, आणि डोके कोणत्या वर्णाकडे असते हे पुरुषसूक्तापासून ठरलेले आहे. ज्याला अकरा जणांना आज्ञा द्यायची, ज्याच्या शब्दावर ब्राह्मणाने कव्हरवरून पॉइंटला जायचे, तो माणूस चांभार कसा असेल? संघात घेण्याने ब्राह्मणाला बाळूशी बरोबरी सहन करावी लागली. कर्णधार करण्याने त्याला बाळूचे ऐकावे लागले असते.

१९२० चे वर्ष या दृष्टीने लक्षात ठेवावे. जानेवारीच्या ३१ तारखेला बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले. मार्चमध्ये माणगावला परिषद झाली आणि तेथे शाहू महाराजांनी अस्पृश्यांना सांगितले की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे. अस्पृश्यांचे नेतृत्व कोणी करायचे, हा प्रश्न त्या वर्षी प्रथमच एवढ्या स्पष्टपणे मांडला गेला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबईच्या चौरंगी सामन्यांसाठी हिंदू संघ निवडला गेला. पै आजारी होते. कर्णधारपद पुण्याच्या प्रा. दि. ब. देवधरांकडे गेले आणि बाळूला तर संघातूनच वगळले. बाळू तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा होता, त्यामुळे वगळण्याचे क्रिकेटच्या दृष्टीने समर्थन करता येईल. पण शिवराम आणि विठ्ठल हे त्याचे दोन भाऊ देवधरांना ज्येष्ठ असून संघात होते. त्या दोघांनी संघातून माघार घेतली आणि जाहीर निवेदन काढले. आपल्याहून कनिष्ठ खेळाडूला केवळ सामाजिक आणि शैक्षणिक प्रतिष्ठेच्या बळावर वर बसवले गेले आणि आम्हाला जातीमुळे डावलले गेले, हा त्याचा सारांश.

देवधर थोर फलंदाज होते आणि पुढे त्यांनी ते सिद्धही केले. वाद त्यांच्या गुणवत्तेविषयी नव्हताच. पण 'शैक्षणिक प्रतिष्ठा' हा शब्द मला बोचतो. माझ्या घरातला मी पहिला पदवीधर. पदवी हाती आली तेव्हा कळले की ही भिंत ओलांडली तरी पलीकडे दुसरी आहे. पालवणकर बंधूंकडे पदवी नव्हती, म्हणून त्यांना सांगता येत होते की पदवी नाही. ज्याच्याकडे आहे त्याला वेगळे कारण सांगितले जाते.

माघारीचा परिणाम झाला. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यासाठी पै बरे होऊन परतले, बाळूला संघात परत घेतले आणि उपकर्णधार नेमले. भाऊही परतले. पै मध्ये मध्ये मैदानाबाहेर गेले तेव्हा संघाची सूत्रे बाळूच्या हाती आली. वीस वर्षे गोलंदाजी केल्यावर बाळूने हिंदू संघाचे नेतृत्व केले ते एवढेच. सामना अनिर्णित राहिला आणि विजेतेपद विभागून दिले गेले. त्याच महिन्यात नागपूरला काँग्रेसने असहकाराच्या ठरावात अस्पृश्यतानिवारणाचा उल्लेख केला होता. मैदानावरचा हा बदल आणि तो ठराव यांचा संबंध लोक लावीत होते, आणि मला वाटते तो संबंध अगदी खोटा नाही. पण तेवढाच खराही नाही. दोन खेळाडूंनी पोटापाण्याची आणि कीर्तीची पर्वा न करता मैदानात उतरण्यास नकार दिला, हे कारण ठरावाआधीचे आहे.

१९२३ साली विठ्ठल कर्णधार झाला. बाळूला जे मिळाले नाही ते धाकट्या भावाला मिळाले. अंतिम सामन्यात युरोपियनांविरुद्ध विठ्ठलने शतक ठोकले, हिंदू जिंकले आणि चाहत्यांनी त्याला खांद्यावर घेऊन मिरवले. सहा मण वजनाच्या शास्त्रग्रंथांनी ज्याला स्पर्श करू नये असे सांगितले, त्याला खांद्यावर घेतलेल्या त्या गर्दीत जात कोणाची होती, हे कोणी मोजले नसेल. विजयाच्या क्षणी मोजत नाहीत. मोजतात ते दुसऱ्या दिवशी.

अमेरिकेतील काळ्यांचा लढा आपल्या वाचकांना परका नाही. तेथील राष्ट्रीय खेळ बेसबॉल. गोऱ्यांच्या लीगमध्ये काळ्यांना प्रवेश नव्हता, म्हणून काळ्यांनी आपल्या लीग उभ्या केल्या. १९३३ साली गोऱ्यांचा पहिला 'ऑल-स्टार' सामना शिकागोत झाला, आणि त्याच वर्षी त्याच मैदानावर काळ्यांचा 'ईस्ट-वेस्ट' सामना झाला. त्याचे खेळाडू निवडले ते काळ्यांच्या वृत्तपत्रांतून मत देणाऱ्या वाचकांनी. ज्यांना इतरत्र मत नव्हते ते लोक आपला संघ मतदानाने निवडीत होते. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या गोऱ्या संघातून मैदानात उतरला. संघनायकाचे काम तेथे मॅनेजर करतो. पहिला काळा मॅनेजर, फ्रँक रॉबिन्सन, क्लीव्हलंडच्या संघाला मिळाला १९७५ साली. हातांना प्रवेश आणि डोक्याला प्रवेश यांत अठ्ठावीस वर्षांचे अंतर पडले. जॅकी ऑक्टोबर १९७२ मध्ये वारला. मृत्यूपूर्वी नऊच दिवस आधी, भर मैदानात केलेल्या भाषणात, त्याने काळा मॅनेजर पाहण्याची इच्छा बोलून दाखवली होती. दक्षिण आफ्रिकेत टेंबा बवुमा कर्णधार झाला तेव्हा त्याला कोट्याचा कर्णधार म्हणून हिणवणारे कमी नव्हते. जून २०२५ मध्ये त्याच्या संघाने लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाला हरवून कसोटीचे विश्वविजेतेपद घेतले. माझ्या विद्यार्थ्यांतल्या एकाला हा सामना पाठ आहे. बाळूचे नाव मात्र त्याने माझ्याकडून प्रथम ऐकले.

यापुढचा भाग सांगताना मला अवघड वाटते, पण तो टाळून बाळूचा इतिहास लिहिता येणार नाही. १९३२ साली बाळू स्वतंत्र मतदारसंघांच्या विरोधात उभा राहिला. एम. सी. राजा यांच्या बाजूने गेला आणि पुणे कराराखाली त्याचीही सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत बाबासाहेबांविरुद्ध उमेदवार म्हणून बाळूला उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूला ११,२२५.

आमच्याकडे काही जण यावरून बाळूला सरळ फितूर ठरवतात. मला ते मान्य नाही. ज्या माणसाने मातीच्या भांड्यातील चहापासून भावाच्या कर्णधारपदापर्यंतचा बदल आपल्या डोळ्यांनी पाहिला, त्याला हिंदू समाज आतून सुधारेल असे वाटले तर ते समजू शकते. त्याची चूक अनुभवातून आलेली होती, विकाऊपणातून नव्हे. बाबासाहेबांचा अनुभव वेगळा होता, आणि त्यांनी तो अधिक दूरवर पाहिला. पण काँग्रेसच्या निवडीकडे मात्र निराळ्या नजरेने पाहिले पाहिजे. ज्या सवर्ण समाजाने बाळूला वीस वर्षे हिंदू संघाचा कर्णधार होऊ दिले नाही, त्याच समाजातील पुढाऱ्यांना अस्पृश्यांच्या खऱ्या नेत्याविरुद्ध उभे करण्यासाठी तो अचानक नेता वाटला. पूना क्लबात त्याला चेंडू दिला होता, बॅट दिली नव्हती. १९३७ सालीही त्याच्या हाती चेंडूच दिला, आणि फलंदाज कोण असावा हे त्याला ठरवू दिले नाही.

ही निवडणूक चांभार विरुद्ध महार अशी रंगवली गेली आणि त्याचे ओरखडे वस्त्यांतून अजून दिसतात. बाळू ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत वारला. त्यानंतर पंधरा महिन्यांनी नागपूरला धर्मांतर झाले. ३३ प्रथम दर्जाच्या सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५.२१, एवढे आकडे मागे राहिले.

रामचंद्र गुहांच्या २००२ च्या इंग्रजी ग्रंथाने बाळूला पुन्हा प्रकाशात आणले, हे त्यांचे ऋण आहे. पण त्याआधी पन्नासएक वर्षे, १९४८ साली, खुद्द विठ्ठलने 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहून ठेवले होते. आपल्या दलित आत्मकथनांच्या याद्यांत ते कोठे येत नाही. आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात त्याची प्रत नाही. वाचकांपैकी कोणाकडे, विशेषतः मुंबईच्या चांभार वस्त्यांतील जुन्या घरांत, ते असेल, किंवा चौरंगी सामन्यांची कात्रणे, छायाचित्रे, संघांच्या याद्या असतील, तर त्या त्रैमासिकाच्या पत्त्यावर कळवाव्यात. कोलशेतच्या पोरांनी अखेर बाळूला आपल्या अकरांत घेतले. शिवलकर बारावे झाले. कर्णधार कोण यावर त्या दिवशी एकमत झाले नाही, आणि दिवे लागले म्हणून मुले घरी गेली.